लघवी किती झाली, ते आधी सांगा

यंदाच्या वर्षावासात एका रविवारी विहारातले वाचन संपले, खीरदान झाले, लोक बाहेर चपला शोधू लागले, तेव्हा मागच्या ओळीतली एक बाई माझ्याजवळ आली. हातात कागदाची पुडी होती. उघडून दाखवली तर लाल-केशरी वाळलेल्या पाकळ्या.

"जय भीम सिस्टर. हे करडईचं फूल हाय. चीनमधी यानं किडनी वाचते म्हणून मोबाइलवर दाखवते. माह्या दिराले पाजू का?"

दीर तालुक्याच्या दवाखान्यात भरती होता. सहा दिवसांचा ताप. पहिले चार दिवस गावातल्याच एका डॉक्टरकडे इंजेक्शने घेतली, उतार पडेना, मग भरती केले. मी विचारले, "सकाळपासून लघवी किती झाली त्याला?" तिला माहीत नव्हते. रात्री सोबतीला थांबलेल्या नवऱ्याला फोन लावला, त्यालाही माहीत नव्हते. "सलाईन सुरू हाय," एवढेच तो सांगत राहिला.

मी सरकारी दवाखान्यांत एकोणतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले. निवृत्तीनंतरही वस्तीत मला सिस्टरच म्हणतात आणि कोणाला ताप आला की आधी माझ्या दारात येतात. त्या बाईच्या पुडीला मी हसले नाही. मोबाइलवर जे तिने पाहिले ते निव्वळ खोटे नव्हते, त्यात अर्धे खरे होते. आणि निव्वळ खोट्यापेक्षा अर्धे खरे माणसाला जास्त वेळ घरी थांबवून ठेवते, हे मी वॉर्डात पाहिले आहे. म्हणून आधी ते खरे अर्धे सांगते.

अंगात कुठेही जंतू शिरला, मग तो फुप्फुसात असो, लघवीच्या मार्गात असो, बाळंतपणानंतर गर्भाशयात असो की पायाच्या चिघळलेल्या जखमेत, तर शरीर त्याच्याशी लढते. कधी कधी ही लढाई हाताबाहेर जाते आणि शरीराचेच अवयव निकामी करू लागते. याला सेप्सिस म्हणतात. आपल्याकडे म्हणतात 'रक्तात विष भिनलं'. हा शब्द फार चुकीचा नाही. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात गेले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक. आणि मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेक वेळा हा शब्दही नसतो. 'ताप', 'न्यूमोनिया', 'हृदय बंद पडले' असे काही लिहिलेले असते.

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातले पाणी बाहेर झिरपते, बीपी खाली येते. आपले हृदय जेवढे रक्त ढकलते त्यातले जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांना लागते. तिथे रक्त कमी पोचले, वर जंतूंच्या विषाचा मारा झाला, की किडनी हात आखडता घेते. लघवी कमी होते, गडद होते, मग थांबते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसायला एखादा दिवस, कधी दोन दिवस लागतात. लघवी मात्र त्याच्या आधी बोलते. मोठ्या माणसाला दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिलीलीटर तरी लघवी व्हायला हवी, आणि सहा तास त्याहून कमी झाली तर किडनीला इजा होत आहे असे डॉक्टर धरतात. पन्नास किलोच्या माणसाचा हिशोब करा. सहा तासांत दीडशे मिलीलीटर. म्हणजे आपला पाण्याचा पेलाही पुरता भरत नाही. हे मोजायला मशीन लागत नाही, रिपोर्ट लागत नाही. खुणा केलेला प्लास्टिकचा मग लागतो.

आता चीनचे. तिथे जुनी वैद्यकी आजही सरकारी दवाखान्यांत आधुनिक वैद्यकीच्या शेजारी चालते. तिथला वैद्य आजाराचे नाव शोधण्याआधी आजारी माणसाची अवस्था ठरवतो. चेहरा पाहतो, आवाज ऐकतो, वास घेतो, विचारतो, जीभ पाहतो, नाडी धरतो, आणि मग सांगतो की या माणसात 'उष्णता' आहे, किंवा 'रक्त साकळले' आहे, किंवा 'शक्ती ढासळली' आहे. गेल्या शतकात तिआनजिन शहरातले एक डॉक्टर वांग जिंदा यांनी सेप्सिसच्या रुग्णांसाठी नेमक्या अशाच तीन अवस्था मांडल्या होत्या: विषारी उष्णता, साकळलेले रक्त आणि अचानक आलेला शक्तिपात. प्रत्येकीला वेगळा उपाय. त्यांच्याच कामातून शुएबिजिंग नावाचे इंजेक्शन निघाले. त्याला २००४ मध्ये चीनमध्ये परवानगी मिळाली. ते पाच वनस्पतींपासून बनते. चार मुळे-कंद आणि पाचवे करडईचे फूल.

होय, आपलीच करडई. पूर्वी रब्बीत धुऱ्याधुऱ्याने लावायचे, गुरे आत शिरू नयेत म्हणून. काटे असे की कापणीला हाताला फडके गुंडाळावे लागे. आता आपल्याकडे सगळा हरभरा झाला. असो.

चीनच्या डॉक्टरांनी 'आमच्या पूर्वजांनी सांगितले' म्हणून हे इंजेक्शन पुढे रेटले नाही, ही गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. ४५ दवाखान्यांतल्या आयसीयूमध्ये सेप्सिसचे १८१७ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला हे इंजेक्शन, दुसऱ्याला तेवढेच मिठाचे पाणी. अँटिबायोटिक, सलाईन, ऑक्सिजन, डायलिसिस हे मात्र ज्याला ज्याला लागेल त्याला, दोन्ही गटांत सारखे. अठ्ठावीस दिवसांनी मोजले. मिठाच्या पाण्याच्या गटात शंभरातले २६ दगावले होते, इंजेक्शनच्या गटात जवळजवळ १९. हा निकाल २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फरक लहान नाही. मी तो मोकळ्या मनाने मान्य करते. एका देशातली एक चाचणी एवढ्यावर जग उपचार बदलत नाही. दुसऱ्या देशांतही तेच दिसायला हवे. पण त्यांनी तपासायची हिंमत केली, याचा मला आदर आहे.

तुम्ही म्हणाल, मग सिस्टर, पुडी पाजायला काय हरकत आहे?

त्या १८१७ माणसांतला एकही करडईची फुले उकळून घरी पीत पडला नव्हता. सगळे आयसीयूत होते, सगळ्यांना अँटिबायोटिक सुरू होते. करडई अँटिबायोटिकच्या जागी नव्हती, तिच्या जोडीला होती. पाच वनस्पतींचा शुद्ध केलेला अर्क शिरेतून देणे वेगळे आणि पाकळ्यांचा चहा पाजणे वेगळे. शिवाय चीनमध्ये ते फूल साकळलेले रक्त वाहते करायला वापरतात. सेप्सिसमध्ये, डेंग्यूत, ज्याच्या प्लेटलेट आधीच खाली आल्या आहेत त्याला असले काही पाजणे म्हणजे रक्तस्रावाला बोलावणे. आणि जिची लघवी थांबली आहे त्या किडनीला कुठलाही काढा बाहेर टाकता येत नाही. नारळपाणी, मोसंबीचा रस, पालेभाजीचे सूप हे आपण प्रेमाने डबा भरून नेतो. त्यात पोटॅशियम भरपूर असते. किडनी बंद असताना ते रक्तात साठते आणि हृदयाचा ठोका चुकवते. नारळपाण्याची बाटली सोबतच्या माणसाच्या हातातून काढून घेताना मला किती वेळा शिव्या बसल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

जुन्या वैद्यकीवर मी चिडत नाही, तिच्याकडे दोन हिश्श्यांनी पाहते. एक हिस्सा पाहण्याचा, एक हिस्सा बरे करण्याचा. पहिल्यात जुनी माणसे कमालीची तरबेज होती. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये गे होंग नावाचा एक जाणता होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की वाळूत-गवतात डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक किडा असतो, तो अंगात घुसतो आणि मग भयंकर ताप येतो. आज आपण ज्याला स्क्रब टायफस म्हणतो त्याचे जगातले सर्वात जुने वर्णन म्हणून ते दाखवतात. बिनभिंगाच्या डोळ्यांनी त्या माणसाने ते ओळखले! पण बरे करणारे औषध त्याच्यापाशी नव्हते. ते यायला १९४८ उजाडावे लागले. त्या वर्षी क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक या तापाच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि मरणारी माणसे उठून बसली. आता डॉक्सिसायक्लिन देतात, काही रुपयांची गोळी.

त्याच गे होंगच्या ग्रंथात हिवतापासारख्या तापावर एका रानटी वनस्पतीचा उपाय होता. साध्या पाण्यात भिजवून पिळायचा. यूयू तू नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी तो वाचला, तपासला, वनस्पतीतला नेमका गुण वेगळा काढला. त्यातून मलेरियाचे आर्टेमिसिनिन निघाले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एकाच माणसाच्या लिखाणातले एक औषध तपासणीत खरे ठरले, आणि दुसऱ्या आजाराचे वर्णन खरे असूनही त्याला औषध बाहेरून आणावे लागले. ग्रंथ जुना आहे म्हणून सगळे खरे नाही, आणि जुना आहे म्हणून सगळे टाकाऊही नाही. तथागतांनी केसपुत्त गावी कालामांना हेच सांगितले होते की परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर मानू नका. आपण ते विहारात ऐकतो आणि घरी येऊन मोबाइलवरच्या बाबाचे ऐकतो.

आता अवस्थांच्या नावांकडे परत येते, कारण खरी गफलत तिथे आहे. समजा सेप्सिसमध्ये किडनी गेलेले शंभर रुग्ण घेतले, चिनी वैद्याने त्यांचे गट पाडले आणि 'शक्ती ढासळलेल्या' गटातले सर्वात जास्त दगावले. मला नवल वाटणार नाही. हातपाय थंड, अंगाला चिकट घाम, नाडी दोऱ्यासारखी, आवाज खोल गेलेला: याला ते शक्तिपात म्हणतील, वॉर्डात आम्ही शॉक म्हणतो. रुग्ण तोच. तो जास्त दगावतोच. पण नाव मरणाशी जुळले म्हणून त्या नावावर दिलेला काढा माणसाला वाचवतो, असे त्यातून निघत नाही. काळे ढग आणि पाऊस जुळतात, म्हणून ढगाला दगड मारून पाऊस पडत नाही.

ही नावे आपल्याकडेही आहेत. 'अंगात उष्णता झाली.' 'बाहेरचं आहे.' 'नजर लागली.' 'पोटात गोळा सरकला.' आणि डॉक्टरी नावांचेही तेच झाले आहे, हे सुद्धा बोलले पाहिजे. गावातला सुटाबुटातला माणूस एक थेंब रक्त घेतो आणि सांगतो, "टायफाईड निघाला, पेशी कमी झाल्या." दर तापाला टायफाईड. तीन सलाईन, दोन इंजेक्शने, आठशे रुपये. घरच्यांना वाटते नाव कळले, म्हणजे उपचार सुरू झाले. नावाने जीव शांत होतो आणि तेवढ्यात बारा तास जातात. भगताने दिलेले नाव आणि असल्या लॅबने दिलेले नाव, माझ्या मते दोन्ही एकाच माळेचे मणी.

त्यातही ती इंजेक्शने. तापाने सुकलेल्या, उलट्या होणाऱ्या माणसाला अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक टोचतात. घटकाभर घाम येऊन बरे वाटते. पण ते औषध किडनीकडचा रक्तपुरवठा आणखी आवळते. वर कोणी अमिकासिन किंवा जेंटामायसिन ठोकून दिले, वजन नाही, क्रिएटिनिन नाही, तर उरलीसुरली किडनीही जाते. तापाला पॅरासिटामॉल पुरे. अंग फार दुखते म्हणून सुई मागू नका, आणि कोणी न मागता देत असेल तर विचारा, हे काय आहे, याने किडनीला काही होते का.

झाडपाला नैसर्गिक, त्याने अपाय नाही, असे म्हणणाऱ्यांनी बेल्जियमची गोष्ट ऐकावी. १९९० नंतर ब्रसेल्सच्या एका दवाखान्यात वजन कमी करायला बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत होते. त्यात एका मुळाऐवजी नावाने सारखे दुसरेच मूळ पडले. ते ॲरिस्टोलोकिया कुळातले होते. शंभराहून जास्त जणींच्या किडन्या खराब झाल्या, कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा जग हादरले. हे कुळ परदेशातच आहे असे समजू नका. सापाच्या विषावर देतात ती ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच कुळातली. आपल्या काळ्या मातीत पऱ्हाटीत तण म्हणून उगवते ती किडामारी, जंतांवर आणि जखमेवर वापरतात ती, तीही याच कुळातली. सापाने चावलेल्याच्या किडनीवर आधीच संकट असते. घोणसचे विष किडनीच मारते. त्यात हे मूळ उगाळून पाजायचे!

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नेमका वर्षावासाच्या महिन्यांत उभा राहतो. पाऊस, गुडघाभर गवत, सोयाबीनची डवरणी, मग कापसाची वेचणी. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे त्याची मोठी साथ आली, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत आले, पण आजार आधीपासून होता. चावा दुखत नाही. आठवड्या-दीड आठवड्याने ताप भरतो, डोके फुटते, आणि चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत, कमरेला, स्तनाखाली, अशा झाकल्या जागी असते. लाजेने कोणी दाखवत नाही आणि घाईत कोणी पाहत नाही. वेळेत गोळी मिळाली तर दोन दिवसांत ताप उतरतो. नाही मिळाली तर फुप्फुस, यकृत, किडनी, एकेक करत सेप्सिससारखेच सगळे कोलमडते. याच महिन्यांत फवारणीही चालू असते. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून उलट्या-घामाचा रुग्ण नेला की फवारणी केली होती का, गवत कापले होते का, हे न विचारता सांगा.

लोक उशिरा येतात म्हणून डॉक्टर मंडळी चिडतात. मीही चिडायची. पण उशीर कोण करते? मजुरीवर जगणाऱ्या घरात एक दिवस दवाखाना म्हणजे दोघांची रोजी बुडते. आरोग्य केंद्रात गेले तर डॉक्टर मीटिंगला. तालुक्याला गेले तर रक्ताचा रिपोर्ट सकाळी. उमरखेडच्या माणसाला यवतमाळ शंभर किलोमीटर. अशा वेळी शंभर रुपयांची सुई आणि फुकटचा काढा जवळ असतो, म्हणून माणूस तिकडे वळतो. त्याला अडाणी म्हणून काही होत नाही. आरोग्य केंद्रात पावसाळाभर डॉक्सिसायक्लिन आहे का, लघवी तपासायच्या पट्ट्या आहेत का, उपजिल्हा रुग्णालयात रात्री क्रिएटिनिन होते का, हे ग्रामसभेत विचारायला हवे. जयंतीची वर्गणी आपण शिस्तीने गोळा करतो, तेवढ्याच शिस्तीने हा अर्ज लिहिता येतो. दवाखान्यात फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो, ते पहिल्या तासात शोधा. बिल झाल्यावर नव्हे. जिल्हा रुग्णालयात गरिबांना डायलिसिस मोफत मिळावे असा केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे.

आणि डायलिसिसचे भय. "मशीनवर टाकलं म्हणजे संपलं" असे म्हणून घरचे सही करत नाहीत, रुग्णाला उचलून घरी नेतात. वर्षानुवर्षे साखरेने-बीपीने गेलेली किडनी वेगळी आणि सेप्सिसमध्ये आठ दिवसांत बसलेली किडनी वेगळी. दुसरी पुष्कळदा उठते. मशीन तेवढे दिवस तिचे काम करते. दोन, चार, सहा वेळा लावून मशीन सुटलेली माणसे मी स्वतः घरी पाठवली आहेत. सगळीच सुटतात असे नाही. पण सही न केलेल्यांतली फारशी कोणी सुटलेली मला आठवत नाहीत.

तर घरात ताप असेल तेव्हा एवढे पाहा. लघवी किती आणि कोणत्या रंगाची. माणूस नेहमीसारखा बोलतो का, की भलतेच बरळतो किंवा सारखा झोपतो. श्वास भराभर चालतो का. हातपाय थंड, कातडी डागाळलेली आहे का. यातले एक जरी दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. बीपी खाली गेलेल्या सेप्सिसमध्ये पहिले अँटिबायोटिक तासाभरात जावे, असे जगभरचे डॉक्टर मानतात. आपला अर्धा दिवस तर 'थांबा, उतरेल' यातच जातो. बाळंतीण, म्हातारी माणसे, साखरेचे रुग्ण यांना कधी कधी ताप येतच नाही, अंग उलट थंड पडते. त्यांच्या बाबतीत ताप मोजून निश्चिंत होऊ नका.

त्या बाईला मी पुडी परत दिली आणि म्हटले, "हे राहू दे. तू आत्ता जा. सकाळपासून लघवी किती झाली ते नवऱ्याला मोजायला लाव आणि तोच आकडा ड्युटीवरच्या डॉक्टरला सांग. आणि दिराचे अंग पूर्ण पाहा म्हणावे, लाजू नका." संध्याकाळी तिचा फोन आला. दिवसभरात अर्धा पेला, चहाच्या रंगाची. डॉक्टरने आकडा ऐकला आणि पुन्हा तपासले. खपली कमरेला होती, करदोड्याखाली. कोणी करदोडा वर सरकवून पाहिलाच नव्हता. बैलांसाठी तो रोज धुऱ्यावरचे गवत कापत होता. रात्रीच यवतमाळला हलवले. तीन वेळा डायलिसिस झाले. पहिल्यांदा सही करताना त्याच्या आईने फोनवर मला चारदा विचारले, "बाई, परत येईन ना माह्या लेक?" मी तिला 'हो' म्हटले नाही, 'सही करा' म्हटले.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली तेव्हा तो आला होता. उभा राहू शकत नव्हता, खुर्चीवर बसला. वहिनीने घरून खुणांचा मग आणला होता. विहाराच्या कपाटात, पहिल्या उपचाराच्या पेटीशेजारी, तो ठेवून दिला आणि म्हणाली, "ज्याले लागन त्यानं नेजा, पन धुऊन आनजा."